बिब्ब्याचा डाग

मी जर्मनीला निघाले त्या सकाळी बाबा माझी बॅग घेऊन हिंगणीच्या बसथांब्यापर्यंत आले, पण डावा पाय जपून टाकत होते. विचारलं तर म्हणाले, "काई नाई बेटा, काटा मोडला होता. तुह्या आईनं बिब्बा लावून देल्ला." आमच्याकडे वांग्याच्या वाफ्यांना अनवाणी पाणी देणाऱ्या कुणाच्या तळव्यावर बिब्ब्याचा काळा डाग नसतो? काटा रुतला की गरम बिब्ब्याचा चटका, हा घरोघरचा दवाखाना. बस सुटली आणि सेलू येईपर्यंत मी रडत होते.

डाग गेला नाही, पसरला. मग जांघेत गाठ आली. गाव म्हणालं, अवधान आलं. पायाला जखम झाली की गाठ येतेच. आईने पुन्हा बिब्बा लावला, आणखी मायेने. शेवटी नागपूरला तपासलं तेव्हा तो मेलानोमा निघाला, त्वचेचा कर्करोग, आणि तोवर तो फुफ्फुसांत पोचला होता. बिब्ब्याने तो झाला नव्हता. बिब्ब्याच्या आड तो कुणाला दिसला नाही, एवढंच. हे मी आईला हजारदा सांगितलंय. तिला पटत नाही.

मी इथे रोगप्रतिकारशक्तीची प्रथिनं शिकायला आले होते. बाबा गेल्यावर मी मेलानोमाच्या पसरलेल्या पेशींवरचं काम मागून घेतलं. गावात राहिलेल्यांना आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांना सोपं करून सांगते. शरीरातली पहारेकरी पेशी शत्रू दिसला की इंटरफेरॉन नावाचं प्रथिन सोडते. ती आरोळी मेलानोमाची पेशीही ऐकते आणि लगेच अंगावर एक वेगळंच प्रथिन चढवते. ते पाहून पहारेकरी समजतो, हा तर आपलाच, आणि गप्प बसतो. त्याला गप्प बसू द्यायचं नाही, यासाठी माझे दिवस जातात. हे पहिल्यांदा नीट समजलं तेव्हा मी प्रयोगशाळेच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. आम्हीही त्या डागाला आपलाच समजलो होतो.

इथे टर्किश दुकानात वांगी मिळतात, चकचकीत, ना काटा ना चव. भरीत करायला घेतलं तर नुसता पाणचट लगदा होतो. तरी मी आणते. आईला इकडे ये म्हटलं तर ती म्हणते, "वावर कोन पाह्यन?"

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मी तिला प्रयोगशाळेतली मेलानोमाच्या पेशींची बाटली दाखवली. गुलाबी पाणी बघून ती म्हणाली, "कोनाच्या हायेत ह्या?"

"एका माणसाच्या. तो कधीच गेला, आई. पेशी तेवढ्या वाढतात."

तिने फोन डोळ्यांजवळ धरला. "मंग तुह्या बाबाच्या काऊन नाई ठेवल्या कोनी?"

"अगं, तो रोग आहे."

"रोग असला तं काय झालं? त्याईचाच होता नं!"

मी बाटली जपून जागेवर ठेवली. तुझं घर कुठे, असं इथे कुणी विचारलं की मी आधी नकाशात गावाजवळचं बोर धरण शोधून दाखवायचे. आता नकाशा उघडत नाही. सांगते, तिथे माझी आई एकटी आहे, आणि बाबांचं काहीही उरलेलं असतं, तरी तिला चाललं असतं.