दीर्घिकेतलं खोटं चुंबकत्व

सरांवरचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

सर माझे पीएचडीचे मार्गदर्शक, आणि आमचं काम कॉम्प्युटरवर दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे समूह, फिरवून बघण्याचं. सुरुवातीला अगदी क्षीण चुंबकीय क्षेत्र द्यायचं, वायू फिरू द्यायचा आणि ते क्षेत्र कसं वाढतं ते पाहायचं. चुंबकीय रेषेला टोक नसतं. ती कुठे सुरू होत नाही, कुठे संपत नाही. आकडेमोडीतल्या बारीक चुकांमुळे मात्र तिला खोटी टोकं फुटतात आणि ती सतत साफ करत राहावं लागतं. फार वेळ खाते म्हणून सरांनी मला ही सफाई बंद करायला लावली. मग काय, क्षेत्र असं फुगलं की खऱ्या दीर्घिकांत दुर्बिणीतून दिसतं अगदी तेवढं भरलं. सर खूश. परिषदेत त्यांचं भाषण ठरलं, शोधनिबंधावर पहिलं नाव माझं.

कापूस वेचणीसाठी मी आमच्या बंजारा तांड्यावर घरी आले होते. तिथूनच, सफाई सुरू करून, संस्थेच्या मशीनवर तेच गणित पुन्हा चालवलं. क्षेत्र वाढलंच नाही म्हणा ना. सरांना फोन केला तर म्हणाले, चित्र छान आलंय, आत हात घालून कोण बघतंय?

कोण बघतंय! दुसऱ्याच दिवशी मी बाबांसोबत महागावच्या बाजारात होते. कापसावर पाणी मारून वजन वाढवणारे असतात, म्हणून व्यापारी गाडीत हात घालून बघतात. आमच्या पुढच्या गाडीतला कापूस व्यापाऱ्याने वरवर चिवडला. आमची गाडी आली तसा आपल्या माणसाला म्हणाला, "तांड्याचा माल हाये. पार खालून काढून पाह्य."

त्या माणसाने कोपरापर्यंत हात खुपसला. कापूस कोरडाठाक निघाला. बाबांना याची सवय आहे, त्यांनी गाडी वजनकाट्याकडे वळवली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सरांच्या गाडीत कोणी हात घालणार नाही, हे खरंच आहे. माझ्या गाडीत घालतील. खोटं उघडं पडलं की नाव माझं, आणि नावामागोमाग राखीव जागेचा विषयही निघणार.

हा निकाल दाखवू नका, असं मी सरांना लिहून कळवलं. त्यांनी दाखवला. मी घरी लॅपटॉपवर ऑनलाइन परिषद बघत होते. श्रोत्यांतल्या एका संशोधक बाईंनी विचारलं, रेषांची टोकं साफ केलीत का? सर गोड हसले. ते सगळं विद्यार्थिनीने केलंय, म्हणाले. ग्रामीण भागातली आहे, शिकतेय हळूहळू.

मी माइक सुरू केला. सफाई सरांनीच बंद करायला लावली, ती सुरू केली की हा निकाल उरत नाही, दोन्ही आलेख माझ्याकडे आहेत, एवढं सांगितलं. सर म्हणाले, "यावर आपण नंतर बोलू."

"नाही सर, आत्ताच."

दाखव, त्या बाई म्हणाल्या. मी पडद्यावरचं सरांचं चित्र काढलं आणि माझा आलेख लावला.