ताटी केवढी घ्यायची

नणंदेला बाळंतपणाला अकोल्याहून आणली ती चैत्राच्या शेवटी. बडनेऱ्याला गाडीतून उतरली आणि टांग्यात बसायच्या आधीच मला म्हणाली, "वयनी, घर थंड आहे ना आपलं?" मी हो म्हटलं. साफ खोटं. अमरावतीत वैशाखात थंड घर कोणाचं असतं? पण तिला दुसरं काय सांगणार? दोन उन्हाळ्यांआधी तिचं पहिलं लेकरू बारशाच्या आत उन्हानं गेलं होतं. अंग तापलं, दूध ओढेना, आणि संपलंच. आताही दिवस वैशाखातच भरत होते. हे लेकरू उन्हाळ्यातून तरून जावं, याखेरीज आमच्या घरात कोणाच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

माझ्या सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणायचो. धंदा फुलांचा, भातकुलीच्या वाटेवर मोगऱ्याचा मळा. कॅम्पातल्या एका साहेबाच्या बंगल्यावर ते फुलं पोचवत. एकदा फुलदाणीपर्यंत आत जायचा योग आला, तर म्हणे भर दुपारी गारव्यानं अंगावर काटा आला. दाराला वाळ्याची ही थोरली ताटी, आणि एक गडी तिच्यावर सारखा पाणी मारतोय. मामाजींनी तेवढंच पाहिलं. वाळ्याच्या मुळ्या काड्यांच्या चौकटीत गच्च विणल्या की झाली ताटी. साहेबाची होती त्याहून मोठी करायची, हे त्यांनी बंगल्याच्या फाटकाबाहेर पडेपर्यंत ठरवलं होतं. लेकीसाठी हात आखडणारा माणूस नव्हता तो.

ताटी बैलगाडीतून आली. सगळा मोहल्ला बघायला जमला. बैठकीच्या मोठ्या दाराला ती टांगली, घागरीमागून घागरी ओतल्या, आणि सासूबाईंनी घरातलं उरलेलं प्रत्येक दार, प्रत्येक खिडकी लावून घेतली. त्यांचं तरी काय चुकलं? दुपारी ऊन घरात घ्यायचं नाही, हे वऱ्हाडात पोर चालायच्या आधी शिकतं. आम्ही सगळे अंधारात बसलो आणि गारव्याची वाट पाहू लागलो.

गारवा कसला, भात शिजत ठेवल्यासारखी गत झाली. लुगडी अंगाला चिकटली, डब्यातले पापड मऊ पडले, नणंद तोंड उघडं टाकून श्वास घेऊ लागली. मामाजी विचारात पडले आणि म्हणाले की ताटी लहान पडली, बाजूच्या दाराला आणखी एक लावू. आजार रेड्याला अन् डाग पखालीला! विहीर तळाला गेली होती, मळा तहानलेला होता, आणि हे दुसरी ताटी सांगायला निघाले.

माझा स्वभाव पहिल्यापासून तिखट. सासऱ्यांशी सुनेनं समोरासमोर बोलायची आमच्यात पद्धत नव्हती. काही सांगायचं तर सासूबाईंच्या कानात सांगायचं. त्या दिवशी मला तेवढा दम निघाला नाही. ते जेवायला बसले होते, मी भाकरी वाढता वाढता सरळ विचारलं, "मामाजी, ओल्या फडक्यातला मोगरा पेटीत कोंडला तं काय होते?"

ते चपापले. मग म्हणाले, "काय होईन? उकडून काळा पडते."

"मंग लेकीले कावून कोंडून राहिले तुमी?"

सासूबाईंचे डोळे असे झाले की मला वाटलं, आता माझी माहेरी रवानगी. पण मी बोलले ते खरंच होतं. संध्याकाळी तोडलेला मोगरा आम्ही ओलं फडकं घालून वाऱ्याच्या तोंडावर ठेवायचो, म्हणून तो सकाळच्या बाजारात ताजा असायचा. ओल गार होते ती वाऱ्यानं. वाऱ्याला बाहेर जायला वाट नसेल तर नुसती वाफ.

मामाजींनी पाणी पिऊन हात धुतले आणि विचारलं, किती मोठी पाहिजे मंग. मी त्यांना मागच्या खोलीत नेलं. तिथे आम्ही टोपल्या ठेवायचो. खोली बेताची, पश्चिमेला एक खिडकी, उन्हाळी वारा येतो तो नेमका तिथूनच, आणि समोर अंगणात उघडणारं दार. खिडकीएवढी ताटी पुरे, म्हटलं, आणि दार उघडं राहील. बैठकीतली ताटी कापताना त्यांचा जीव तुटत होता. अर्धी तरी ठेव, म्हणाले. मी अर्धीही ठेवली नाही.

भर दुपारी या घराचं दार उघडं, म्हणून मोहल्ल्यात माझ्या नावानं हसणं झालं. सासूबाई त्या दाराशीच बसल्या, जरा झळ आली की लावून घ्यायचं ठरवून. वारा खिडकीवर आदळला, वाळ्याचा वास घेऊन खोलीभर फिरला आणि अंगणात निघून गेला. थोड्या वेळानं पाहते तर सासूबाई भिंतीला टेकून घोरत होत्या. मला इतका आनंद झाला की स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसले.

लेकरू त्याच खोलीत जन्मलं, मुलगा. सुईण काम आटोपल्यावरही उठायचं नाव घेईना, ऊन उतरू दे म्हणत तिथेच लवंडली. ताटीवर पाणी मारायचं काम मामाजींनी दुसऱ्या कोणाला दिलं नाही. खिडकीबाहेर, डोक्याला धोतराचं फडकं बांधून, ते उन्हात उभे राहायचे.

आणि मग ती दुपार आली, वैशाखातली सगळ्यात वाईट. झाडावरचे कावळे चोच उघडून बसले होते. आतून नणंदेची हाक आली. आवाज घाबरा वाटला म्हणून मी धावले. खिडकीबाहेर तांब्या खाली पडल्याचं ऐकू आलं. लेकरू तिच्या कुशीत दूध पीत होतं, चांगलं चुरूचुरू.

"वयनी," ती म्हणाली, "गोधडी दे. याचे पाय थंड पडून राहिले."

मी हात लावून पाहिला. खरंच थंड होते. मी वळेपर्यंत मामाजी स्वतः गोधडी घेऊन दारात उभे होते, भिजलेले, घामाघूम, आणि डोळ्यांतलं पाणी लपवायचंही त्यांना सुचलं नव्हतं. सुनेच्या हातात वस्तू द्यायची रीत नाही म्हणून आजवर ते जमिनीवर ठेवत. त्या दिवशी त्यांनी ती माझ्या हातात दिली.