सव्वातीन मीटरचा खांब

अय्युब तांबोळी चोवीस वर्षं विमानतळासाठी पुण्याची उंची मोजत आला होता. पाण्याच्या टाक्या, मोबाइलचे टॉवर, नारळाची झाडं, काही सोडलं नाही. नव्या घरी गेलं की लोक भाव विचारतात, हा मजले मोजायचा. विमानं आता उपग्रहाच्या भरवशावर, घिरट्या न घालता सरळ रेषेत उतरणार, इंधन वाचणार, सगळं खरं. पण त्या रेषेखाली काय काय उभं आहे ते कुणीतरी आधी पायी हिंडून मोजावं लागतं. एवढ्या मोठ्या उपग्रहाचं काम शेवटी अय्युबच्या गुडघ्यांवर येऊन पडलं होतं.

या मोजणीत धानोरीतल्या एका गच्चीवर सव्वातीन मीटरचा खांब निघाला. त्याच्यापायी अख्खी रेषा वर सरकवायची वेळ आली. खांब काढा, अशी नोटीस सोसायटीला गेली. सेक्रेटरी रावसाहेबांचं उत्तर आलं : 'असा खांब आमच्याकडे नाही. आपणांस दिसत असल्यास आपणच येऊन घेऊन जावा.'

अय्युब गेला. गच्ची मोकळी होती.

"कधी मोजलात?" रावसाहेबांनी विचारलं.

त्याने वही उघडली. तारीख पाडव्याची होती.

रावसाहेबांनी जिन्याखाली आडवी ठेवलेली वेळूची काठी दाखवली. "हा घ्या आपला खांब. पुढच्या वर्षी परत आणून द्या. गुढीला लागतो."

अय्युबला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुर्बिणीच्या गोलात त्याला फक्त उन्हात चमकणारं टोक दिसलं होतं. गुढीवरचा तांब्या होता तो. वीज पडू नये म्हणून लावतात तसला खांब समजून त्याने आकडा टिपला, तिपाई मिटली आणि निघाला.

ऑफिसात चैतालीने या चुकीबद्दलचा अहवाल उघडला. ती वयाने त्याच्या निम्मी, पण त्याची साहेब. चूक निष्काळजीपणाची ठरली, तर मोजणीच्या यादीतून त्याचं नाव वर्षभर कटणार होतं. तिने कारणाच्या रकान्यात स्वतःच लिहिलं : 'सणाची माहिती नसल्यामुळे.'

"असंच राहू द्या, सर. तुम्हाला कुठून कळणार? कुणी काही म्हणणार नाही."

ती त्याच्या भल्याचंच बोलत होती, म्हणून जास्त लागलं. त्याच्या चार पिढ्या या शहरात गेल्या होत्या. दर पाडव्याला शेजारची साखरेची गाठी गळ्यात घालून, चाटून चाटून चिकट होत तो लहानाचा मोठा झाला होता.

"पुसा ते," अय्युब म्हणाला.

"सर, वर्षभर काम मिळणार नाही."

"माहितीये."

त्याने कीबोर्ड स्वतःकडे ओढला आणि एका बोटाने, सावकाश टाइप केलं : 'घाई. शेजारी वासंतीवहिनींकडे पाडव्याचं जेवण होतं. पुऱ्या गार होत होत्या.'