घोड्याची मान आणि व्हर्लाचा मासा

गुरुवारी दुपारपर्यंत आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक झालं होतं की व्हर्ला टँगमन जंगलखात्याच्या ऑरिनबरोबर पळून गेली. व्हर्ला त्र्याहत्तरची, ऑरिन एक्केचाळीसचा. पोस्टातल्या बेटीनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. ऑरिनच्या गाडीत पुढच्या सीटवर व्हर्ला, पाय अनवाणी, केस पिंजारलेले आणि चेहऱ्यावर हसू. हसू होतं हे बेटीनं तीनदा सांगितलं, कारण व्हर्लाच्या चेहऱ्यावर ते फारसं कुणी पाहिलेलं नाही.

यातले पाय, केस आणि हसू खरं. पळून जाणं खोटं. बाई मासा धरायला गेली होती. तिकडे तिची जी फजिती झाली तिला थोडासा मीही जबाबदार आहे, तेव्हा सांगायला मीच बरा.

व्हर्ला माझी शेजारीण. एकतीस वर्षं तिनं शाळेची बस चालवली. गावातल्या पन्नाशीच्या आतल्या प्रत्येकाला तिनं कधी ना कधी मागच्या सीटवरून उठवून आपल्या पाठीमागे आणून बसवलंय. मला दोन वर्षं तिथेच बसवलं होतं. आरशातून ती नुसती बघायची आणि माणूस च्युइंगम गिळून टाकायचा. नवरा गेला, बस गेली, पण जूनमधला एक दिवस तिनं कधी सोडला नाही. बाल्डी डोंगराच्या मागे स्पून लेक नावाचं तळं आहे. तिथला बर्फ ज्या दिवशी सुटतो, त्या दिवशी तिथला पहिला ग्रेलिंग व्हर्लाचा. ग्रेलिंग म्हणजे तसा हातभरही नसलेला मासा, पण पाठीवरचा पर असा उभारतो की होडीनं शीड उघडावं, आणि त्यावर जांभळे ठिपके. बर्फ सुटला की आठ-दहा दिवस हे मासे काठाशी येतात, मग खोल पाण्यात जाऊन बसतात. म्हणून दिवस चुकवून चालत नाही.

गेल्या हिवाळ्यात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि फिनिक्सहून तिच्या लेकीचे, जॅनेलचे, रोज फोन यायला लागले. व्हर्ला फोन ओट्यावर ठेवून मोठ्या आवाजात बोलते, त्यामुळे मला कुंपणाशी फार वेळ उभं राहावं लागत नाही.

"आई, तिथे एकटी पडलीस तर कळणार कुणाला?"

"डेलला कळेल. तो आत्तासुद्धा ऐकतोय."

मी टोमॅटोच्या रोपांना पाणी घालत राहिलो. शेवटी जॅनेलनं अट घातली. आई स्वतःच्या पायांनी स्पून लेकला जाऊन आली आणि एक मासा घेऊन आली, तर फिनिक्सचं नाव पुन्हा काढणार नाही. नाही जमलं, तर घर विकायला काढायचं आणि तिच्याबरोबर निघायचं. जॅनेल गुरुवारी संध्याकाळी येणार होती आणि रविवारची विमानाची दोन तिकिटं तिनं आधीच काढून ठेवली होती. व्हर्ला म्हणाली, "चालेल." मग फोन ठेवून कुंपणाकडे बघत म्हणाली, "टोमॅटो बुडाले, डेल."

आता घोड्याचं. बाल्डीच्या उतारावर दर वसंतात एक बर्फाचा पट्टा मागे राहतो. गावातून पाहिलं तर हुबेहूब घोडा. तो वितळताना आधी शेपूट जाते, मग पाय, आणि ज्या दिवशी मान धडापासून सुटते त्यानंतर चौथ्या दिवशी स्पून लेक मोकळं होतं. हे गणित गावात सगळ्यांना पाठ आहे. रविवारी सकाळी मी कॉफी घेऊन अंगणात आलो, तर मान तुटलेली. मी कुंपणावरूनच सांगितलं, "व्हर्ला, घोडा गेला."

"पाय तर अजून शाबूत आहेत."

"पाय राहू दे. मान नाही, बघ."

तिनं डोळे बारीक करून पाहिलं, बोटांवर मोजलं आणि गुरुवार ठरवला. मान वितळली नव्हती. शनिवारच्या वाऱ्यात बर्फाचा तो तुकडा कडा सुटून खाली घसरला होता. हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. तिच्या तर नाहीच, कारण पाय असताना मान गेलेली तिनं कधी पाहिलीच नव्हती आणि गुरुवार तिला हवाच होता.

गुरुवारी पहाटे ती निघाली. जंगलखात्याच्या बंद फाटकापर्यंत गाडी, पुढे चार मैल पायी, शेवटचा मैल बर्फातून. वर पोचली तर स्पून लेक या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरं. तिनं दगडावर बसून सँडविच खाल्लं. मला शिव्या दिल्या नाहीत असं ती म्हणते. मी तिच्या बसमध्ये नऊ वर्षं बसलोय, तेव्हा माझा यावर विश्वास नाही.

सँडविच संपल्यावर तिला पाण्याचा आवाज आला. पलीकडच्या काठाला एक ओढा बर्फाखालून येऊन तळ्यात पडतो. वाहतं पाणी जिथे शिरतं तिथला बर्फ आधी खचतो. तळ्यावरून सरळ जाणं म्हणजे बुडायला जाणं, बर्फ भुसभुशीत झालेला. म्हणून ती काठाकाठानं वळसा घालून गेली. पाच मिनिटांच्या अंतराला तास लागला. तिथे बसच्या दोन सीटांएवढं काळं पाणी उघडं होतं, आणि त्यात ओढ्याकडे तोंडं करून ग्रेलिंग उभे होते. "बसस्टॉपवरच्या पोरांसारखे," ती म्हणाली. "एकाचंही लक्ष नाही."

बूट भिजवत ती घोटाभर पाण्यात उतरली. गळाला पिसांची खोटी माशी, तांदळाच्या दाण्याएवढी. पहिला मासा लागला आणि सुटला. दुसराही तसाच. ग्रेलिंगचा ओठ नाजूक असतो, हिसका दिला की गळ निघून येतो, आणि व्हर्लाचा स्वभाव हिसक्याचा. तिसऱ्याला तिनं दात आवळून हळूहळू, मुकाट्यानं आणलं. एकच घेतला. काठीची दोरी गुंडाळली.

उतरताना गुडघ्यानं साथ सोडली. फाटकापासून दोन मैलांवर, जिथून गाडीरस्ता सुरू होतो तिथे, ती ओंडक्यावर बसून ओले बूट काढत असताना ऑरिन आला. फाटकाची किल्ली त्याच्याकडेच असते.

"मिसेस टँगमन, बसा गाडीत."

"आधी तू पट्टा लाव, ऑरिन. तू कधीच लावायचा नाहीस."

आणि स्वतःची गाडी फाटकाशीच सोडून तशी ती गावात आली.

संध्याकाळी मी लिंबू घेऊन तिच्याकडे गेलो. बोलावलं नव्हतं. मासा मक्याच्या पिठात घोळून लोण्यात तडतडत होता. जॅनेल पेट्रोल पंपावर सगळं ऐकून आली होती, तेसुद्धा बेटीच्या नणंदेकडून. कोट न काढता ती खुर्चीवर बसली.

"आई, गावात म्हणतायत तू लग्न करतेयस."

"मासा खा आधी. थंड होतोय."

जॅनेलनं खाल्ला. अर्धा खाल्ला, मग माझ्या बशीतलाही थोडा उचलला. मग काटा खाली ठेवला. डोळे जरा ओले होते, पण आवाज कडक. लेक कुणाची आहे ते कळत होतं.

"मासा आणलास, मान्य. पण आपलं ठरलं होतं स्वतःच्या पायांनी जाऊन यायचं. तू तर शेवटचे दोन मैल गाडीत बसून आलीस."

व्हर्लानं तिच्या बशीत आणखी एक तुकडा वाढला आणि म्हणाली, "आणि तू मला फिनिक्सला काय चालवत नेणार होतीस?"