खिडकीसमोरचा परदेश

होनोरामावशींच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून फ्रान्स दिसतो. आभाळ स्वच्छ असेल तर दुर्बिणीतून सेंट पिअर बेटावरची घरंसुद्धा एकेक करून मोजता येतात, आणि धुकं असेल तर आपलंच कुंपण दिसत नाही. हॅनरहन कोव्ह या आमच्या खाडीकाठच्या गावात धुक्याचे दिवस जास्त. न्यूफाउंडलंडच्या या टोकावरून ते बेट बोटीनं दीड तासावर. पण तिथला झेंडा फ्रान्सचा, पैसा युरो, पोलिसाची टोपी वेगळी, म्हणजे परदेशच. लोक परदेशात लग्न करायचं म्हणून पांढरी वाळू शोधत कुठल्या कुठं जातात आणि वर्षभर हप्ते फेडत बसतात. मार्सेला हॅनरहननं आपला परदेश ताटं विसळता विसळता निवडला.

मार्सेला बावन्न वर्षांची. वीस वर्षं मासळीच्या कारखान्यात उभ्यानं काटे काढले. कारखान्याला कुलूप लागल्यावर घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालायची, औषधं द्यायची, असं काम धरलं. कोव्हमध्ये बारसं असो की मयत, सँडविच किती लागतील ते मार्सेलाला विचारायचं, असा रिवाजच पडून गेला होता. तिचा अंदाज चुकत नसे. सोळा वर्षांपूर्वी तिचा नवरा लिओ खेकडे धरायला गेला तो परत आला नाही. बोट सापडली, लिओ सापडला नाही. मूलबाळ नव्हतं. ओंटारिओतल्या बहिणीनं ये म्हणून सांगितलं, दोनदा तिकीटही पाठवलं. मार्सेला गेली नाही. सासूजवळ, म्हणजे होनोरामावशींजवळ, राहिली. कुणी कारण विचारलंच तर म्हणायची, आईंचा स्टोव्ह मला एकटीलाच पेटवता येतो.

त्याच स्टोव्हपायी क्लेटस पाइक घरात आला. हा शेजारच्या ग्रँड बँक गावचा, बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा, सत्तावन्न वर्षांचा ब्रह्मचारी. शब्द खर्च करताना असा हात आखडायचा, की जणू दर शब्दाला कर पडतो. स्टोव्ह पहिल्याच दिवशी सुरू झाला, पण पुढच्या आठवड्यात पुन्हा बिघडला. दर आठवड्याला काहीतरी व्हायचंच, आणि दर गुरुवारी क्लेटस हत्यारांची पेटी घेऊन हजर. असं सात वर्षं चाललं. इतकी सेवा एखाद्या बिशपचीसुद्धा होत नसेल, असं पोस्टातली गर्ट म्हणायची. मागच्या हिवाळ्यात एका गुरुवारी त्यानं चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, लग्न करायचं का. मार्सेलानं आधी त्याला चहा संपवायला सांगितलं, मग हो म्हटलं. होनोरामावशी तेव्हा आतल्या खोलीत झोपल्या होत्या, निदान मार्सेलाचा तसा समज होता.

आता लग्न करायचं कुठं? आमच्याकडे लग्नाचं आमंत्रण कुणाला देत नाहीत. आमंत्रण परक्याला द्यायचं असतं. हॉलमध्ये दिवा दिसला की सगळा गाव येतो, आणि दोनशे माणसांचं खारवलेलं मांस, कोबी, बटाटे शिजवावे लागतात. मार्सेलाकडे बेचाळीसशे डॉलर होते आणि छप्पर गळत होतं. पण खरी अडचण पैशाची नव्हती. त्याच हॉलमध्ये लिओच्या नावानं जेवण झालं होतं, आणि त्याच चर्चमध्ये शवपेटीशिवाय त्याची प्रार्थना झाली होती. तेव्हा मावशी पहिल्या बाकावर बसल्या होत्या. त्याच बाकावर बसवून त्यांना आपलं दुसरं लग्न दाखवायचं, हे मार्सेलाच्यानं होण्यासारखं नव्हतं. शिवाय क्लेटसचं चर्च वेगळं, आणि दोन्हीकडचे पाद्री एकमेकांना रस्त्यात पाहिले की आभाळाकडं बघत चालतात. म्हणून परदेश. आठ माणसं, बेटावरच्या मादाम बिदारच्या लॉजमधल्या मोठ्या टेबलाशी बसतील तेवढीच.

एकदा ठरल्यावर मार्सेला कामाला लागली आणि वहीची पानं भरू लागली. फ्रेंच कायद्यानं लग्न लावायचं तर तिथं मुक्काम ठोकावा लागतो, कागदांचा ढीग लागतो. म्हणून कायद्याच्या सह्या आदल्या गुरुवारी इकडेच करायच्या आणि लग्न पलीकडे. शपथा वाचून दाखवायचं काम गर्टनं घेतलं. टपालात तीस वर्षं शिक्के मारलेत, हा एक आणखी, असं तिचं म्हणणं. सप्टेंबरच्या शेवटी पाहुणे ओसरतात आणि खोल्या स्वस्त होतात, तो शनिवार धरला. दोन रात्रींचं भाडं पडू नये म्हणून लग्नाचे कपडे घालूनच सकाळच्या बोटीत चढायचं. पलीकडचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढं, तेही वहीत लिहिलं. मादाम बिदारनं जेवणात बदक लावलं होतं. मार्सेलानं कळवलं की आमच्यात बदक कुणी खात नाही, तेवढे पैसे कमी करा. मादामनं उलट कळवलं की बदक राहील, वाइनचे पैसे कमी करते. मार्सेलाकडे कॉम्प्युटर नव्हता. हा सगळा पत्रव्यवहार गर्टच्या टेबलावरून चालायचा, त्यामुळे बदकाचं काय झालं ते संध्याकाळपर्यंत गावभर कळायचं. फिकट निळा ड्रेस मॅरिस्टाउनच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात बावीस डॉलरला मिळाला. तो कुणीतरी न घालताच देऊन टाकलेला होता. का दिला असेल, याचा विचार करायचा नाही असं तिनं ठरवलं.

यादीत सात नावं पटकन बसली. आठवी ओळ महिनाभर कोरी राहिली. मावशींचं नाव लिहावं तर ज्या पाण्यानं मुलगा नेला त्याच पाण्यावरून त्यांना सुनेच्या लग्नाला न्यायचं. न लिहावं तर सोळा वर्षं एका छपराखाली काढलेल्या बाईला घरी ठेवून जायचं. शेवटी तिनं सोपा रस्ता धरला. मावशी बटाटे सोलत होत्या तेव्हा म्हणाली की आई, बोटीचा प्रवास तुम्हाला झेपायचा नाही, एका रात्रीचा तर प्रश्न आहे, शेजारची सोबतीला येईल.

मावशींनी बटाटा पुरा सोलला. मग म्हणाल्या, "तुझं तू बघ."

सासूच्या तोंडून हे तीन शब्द आले की पुढं काय होतं, ते सांगायला नको. जेवण वेळेवर, चहा वेळेवर, बोलणं फक्त हवापाण्याचं. तीन आठवडे असे गेले. मावशी एकदा पाद्रीबाबांच्या गाडीतून मॅरिस्टाउनला डोळे तपासायला गेल्या, तेही जाताना सांगितलं नाही. मार्सेलाला जेवण जाईना. लग्नाच्या वहीला तिनं हात लावला नाही.

त्या गुरुवारी क्लेटस स्टोव्ह उघडून बसला होता. मावशी चर्चला गेल्या होत्या. खिडकीशी त्यांची खुर्ची होती आणि खिडकीच्या फळीवर लिओची दुर्बीण. क्लेटस बराच वेळ तिकडं बघत राहिला.

"मार्सेला, आपलं लग्न त्यांच्या नजरेला पडू नये, असं होतं ना तुझं?"

"हो."

"मग बरोब्बर त्यांच्या खुर्चीसमोरचं बेट कशाला घेतलंस?"

मार्सेला हातातला टॉवेल घेऊन तशीच उभी राहिली. दोनशे माणसांच्या सँडविचचा हिशेब तिला तोंडपाठ, आणि एवढी साधी गोष्ट डोक्यात आली नव्हती. आपण पलीकडे बदक खात असणार आणि ही बाई इथं एकटी दुर्बीण लावून बसणार. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की क्लेटसकडे बघवेना. रद्द करू या, असं ती म्हणाली. त्यानं स्क्रू आवळला, पेटी बंद केली, आणि दाराशी जाऊन म्हणाला की तू म्हणशील तसं, मी गुरुवारी येतोच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मादाम बिदारला नाही कळवायला पोस्टात गेली. गर्ट म्हणाली, आधी तुमचं टपाल घे. एक जाड सरकारी पाकीट होतं, मिसेस होनोरा हॅनरहन यांच्या नावाचं. असं पाकीट कोव्हमधल्या प्रत्येकाला ओळखू येतं. परदेशी कामाला जाणाऱ्या पोरांची येतातच.

"हे आईंच्या नावानं कसं?" मार्सेलानं विचारलं.

"मी काही सांगणार नाही. टपालखात्याची शपथ आहे मला," गर्ट म्हणाली, आणि पुढची वीस मिनिटं सगळं सांगत बसली.

मार्सेला घरी आली ती जवळजवळ धावतच. पाकीट टेबलावर ठेवलं.

"आई, हे काय?"

"पासपोर्ट आहे. वाचता येतं ना तुला?"

मग मावशींनी सगळं सांगितलं. डोळे तपासायला म्हणून गेल्या होत्या त्या फोटो काढायला. ओळखीची हमी म्हणून सही गर्टनं केली. घोडं अडलं ते जन्मगावापाशी. मावशी ज्या बेटावर जन्मल्या ते सरकारनं पन्नास वर्षांपूर्वी रिकामं केलं. फोनवरची पोरगी म्हणाली, असं गाव नाहीच. मावशींनी तिला ऐकवलं की बाई, तुमच्याच सरकारनं उठवलं ते, मला काय विचारतेस. हे राहतं घरसुद्धा तेव्हा पिंपांवर तरंगवत, बोटींनी ओढत खाडीपार आणलेलं. मावशी आत बसून होत्या, चार वर्षांच्या लिओला मांडीवर घेऊन.

"घरात बसून समुद्र ओलांडलाय मी," त्या म्हणाल्या. "आणि तू मला सांगतेस, बोट झेपायची नाही. तो फोटोवाला म्हणाला, आजी, हसायचं नाही. म्हटलं, सोळा वर्षं सराव आहे."

मार्सेला खुर्चीत बसली. "मला वाटलं, तुम्हाला बघवणार नाही."

"विचारलंस मला?"

"नाही."

"का नाही?"

"तुम्ही नको म्हणाला असता तर मी केलं नसतं. म्हणून विचारलं नाही."

मावशींनी पाकीट बाजूला सारलं. "म्हणजे मी नकोच म्हणणार, हे तू धरूनच चाललीस. सोळा वर्षांत एवढीच ओळखलीस मला?" त्या तिथंच थांबल्या नाहीत. "सात वर्षं तो माणूस येतोय. पहिल्याच दिवशी चांगला सुरू झालेला स्टोव्ह दर आठवड्याला कसा बिघडतो, हे तुझ्या डोक्यात कधी आलं नाही? बुधवारी तू कामाला गेलीस की स्क्रू कोण सैल करत होतं?"

मार्सेला त्यांच्याकडे बघतच राहिली. मग दोघी हसल्या, आणि हसता हसता मार्सेलाला रडू कोसळलं. मावशींनी तिला रडू दिलं. सगळं ओसरल्यावर त्यांनी खिडकीकडे बघत हळूच विचारलं, की लग्नानंतर तू ग्रँड बँकला राहायला जाणार असशील ना. हा प्रश्न त्या तीन आठवडे गिळून बसल्या होत्या, हे मार्सेलाला तेव्हा कळलं.

"मी कुठं जात नाही," ती म्हणाली. "क्लेटस इथं येणार आहे. छप्पर तोच घालणार."

"म्हणजे घरजावई," मावशी म्हणाल्या. "ते बरंय. घरजावयाला बोलता येतं."

मार्सेलानं वही उघडली आणि आठवी ओळ भरली.

शनिवारी सकाळी समुद्र शांत होता. आठही माणसं बोटीत चढली. क्लेटसच्या कोटाच्या बाह्या आखूड होत्या, गर्टनं शपथांचा कागद तीनदा चाचपला, आणि मावशींनी पिसाची टोपी घातली होती, तिच्यावर वारा टपून होता. ड्रेसवर खारं पाणी उडू नये म्हणून मार्सेलानं जाड ओव्हरकोट गळ्यापर्यंत लावून घेतला होता. अर्धी वाट सरली. मागचा किनारा बारीक झाला, पुढची घरं अजून स्पष्ट नव्हती. तेव्हा मावशी उठल्या आणि मला कठड्यापाशी ने म्हणाल्या.

मार्सेलानं त्यांना धरून नेलं. कठडा दोन्ही हातांत आल्यावर मावशींनी तिला मागं सरायला सांगितलं. ती दोन पावलं मागं सरली. तिला वाटलं होतं, त्या प्रार्थना म्हणतील. पण मावशी बोलत होत्या, अंगणात खेळणाऱ्या पोराला दारातून हाक मारावी तशा, साध्या आवाजात.

"लिओ, आई बोलतेय. मार्सेलाला पलीकडं घेऊन चाललेय. लग्न आहे तिचं. माणूस मी पारखून घेतलाय. तुझ्याएवढा देखणा नाही, पण संध्याकाळी घरी येतो." त्या श्वास घ्यायला थांबल्या. "हिनं आता तुझी वाट बघायची नाही. मी बघतेय, तेवढी पुरे."

मावशींनी मागं न बघताच एक हात मार्सेलाकडे केला.

"ये पुढं. कोट काढ. ड्रेस बघू दे त्याला."

मार्सेलानं कोटाची बटणं सोडली आणि ती कठड्यापाशी जाऊन उभी राहिली.