बोहनीच्या आधीचं तिकीट

आमच्या घरात नगरपरिषदेला स्वतःच्या हाताने अर्ज लिहिणारी मी पहिलीच. त्याआधीही घरातून अर्ज गेले होते, नळासाठी, घराच्या नोंदीसाठी. पण ते तहसीलबाहेर टेबल टाकून बसणाऱ्या माणसाकडून लिहून घेतलेले असायचे. खाली आईचा अंगठा नाहीतर बाबांची सही. मी माझा अर्ज तीनदा कच्चा लिहिला आणि चौथ्यांदा पक्का. गावात एक अभ्यासिका हवी, जुन्या जकात नाक्याची खोली कुलूप लावून पडली आहे, ती मिळाली तरी चालेल, असं त्यात होतं. खाली आम्हा तीस-बत्तीस पोरापोरींच्या सह्या होत्या.

मी अकोल्याच्या कॉलेजात बीएच्या दुसऱ्या वर्षाला होते. जाऊन-येऊन शिकायचं. आमचं घर गावाबाहेर, मळ्यांच्या वस्तीत, दोन खोल्यांचं. संध्याकाळी दोन्ही खोल्यांत दुसऱ्या दिवशीची भाजी पसरलेली असते. आई-बाबा, काकू, सगळे जुड्या बांधत बसतात, आणि मधून कोणीतरी म्हणतं, ‘पोरी, पाय उचल.’ मी पाय उचलून वाचते. तक्रार नाही माझी. त्याच भाजीवर माझी फी भरली जाते. पण अमरावती विद्यापीठातून परीक्षेचं वेळापत्रक आलं की मला खरंच कुठेतरी एक टेबल हवंसं वाटायचं.

चार महिन्यांनी नगरपरिषदेतल्या बाबूंचा फोन आला. ‘तुमचा विषय सभेपुढे घेतला बरं का. विषयपत्रिका घेऊन जा.’ मी कॉलेज बुडवून गेले. तिथेच व्हरांड्यात उभी राहून वाचलं. अकरावा विषय. शहर बसची सकाळची पहिली फेरी अल्प प्रतिसादामुळे बंद करणे आणि वाचणारी रक्कम अभ्यासिकेसाठी वापरणे.

मी तो कागद दोनदा वाचला. नगरपरिषदेची बस म्हणजे एकच, वीस सीटांची. तिची पहिली फेरी सकाळी साडेसहाला आमच्या वस्तीतून निघते आणि भाजीबाजारात जाते. त्या फेरीला माझी आई जाते. तिच्यासोबत अजून अकरा जणी. बाजार चार किलोमीटरवर. ही बस सुरू व्हायच्या आधी आई डोक्यावर टोपली घेऊन चालत जायची, तेव्हा तिचे गुडघे बरे होते.

संध्याकाळी आई मेथीच्या जुड्या बांधत होती. मी तिला वाचून दाखवलं.

‘मंग बस बंद होईन?’

‘फक्त सकाळची, आई.’

‘आमची त सकाळचीच असते,’ ती म्हणाली आणि हसली. मग पुढची जुडी बांधायला घेतली. ‘होऊ दे. तुले बसायले जागा त होईन. आमी काय, आटोनं जाऊ.’

त्या वेळेला आमच्याकडे ऑटो येत नाही आणि आलाच तर तो टोपलीलासुद्धा सीट धरतो, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. काकू म्हणाली, ‘आटोनं काहून? पोरगी साहेब झाली का तिच्या गाडीत जाऊ.’ आई पुन्हा हसली. मी हसू शकले नाही. मेथीची एक जुडी घेऊन बांधायला लागले, तर आईने ती हातातून काढून घेतली. ‘तू वाच.’

सभेच्या दिवशी मी सही करणाऱ्यांपैकी एका मैत्रिणीला घेऊन गेले. सभागृहात मागे प्लास्टिकच्या खुर्च्या टाकलेल्या असतात, तिथे लोकांना बसू देतात. आम्ही बसतोच आहोत तर दारातून आई आली. बाजारातून सरळ. हातात रिकामी टोपली, सोबत लिंबू विकणारी मावशी. शिपायाने अडवलं तेव्हा आई त्याला म्हणाली, ‘माह्या पोरीचा अर्ज वाचून राहिले आज. आयकू दे.’ आणि टोपली खुर्चीखाली सरकवून बसली. ती बससाठी आलीच नव्हती. माझा अर्ज ऐकायला आली होती.

पथदिवे झाले, नाल्या झाल्या, मोकाट कुत्र्यांवर बराच वेळ गेला. मग आमचा विषय आला. बाबूंनी आकडे वाचले. सकाळच्या फेरीत जाताना रोजची तिकिटं दोन. दुपारच्या परतीला चोवीस ते सव्वीस.

‘किती?’ किराणा दुकान असलेले एक म्हातारे मेंबर कानाला हात लावून म्हणाले. ‘जाताना दोन अन् येताना सव्वीस? काहून भाऊ, बाजारात बाया पेरतात काय?’

सगळे हसले. दुसरे एक मेंबर म्हणाले, ‘अन् गाडीत सीटा त वीसच हायेत! सहा जण टपावर बसतात?’

पुन्हा हशा. अध्यक्षबाईसुद्धा तोंडाला रुमाल लावून हसल्या. माझ्या शेजारी लिंबाची मावशीही हसत होती. मला मात्र त्या क्षणी सगळं लख्ख समजलं.

भाजीवाल्या बाया बोहनीच्या आधी पैसा बाहेर काढत नाहीत. दिवसाचा पहिला पैसा आत आला पाहिजे. तो यायच्या आधी हातून पैसा गेला तर दिवसभर जातच राहतो, असं त्या मानतात. कनवटीला नोटा असल्या तरी काढणार नाहीत. त्यामुळे सकाळी आमच्या बसमध्ये बारा बाया बसतात आणि एकही तिकीट फाटत नाही. दुपारी परत येताना, धंदा झाल्यावर, प्रत्येक बाई दोन तिकिटं घेते, एक सकाळचं, एक आत्ताचं. माझ्या लहानपणापासून असंच चाललंय. इतकं रोजचं, की ते कागदावर कसं दिसत असेल असा विचार कोणाच्याच डोक्यात आला नव्हता. सकाळची ती दोन तिकिटं दवाखान्यातल्या सिस्टरची आणि शाळेच्या शिपायाची असणार. माझ्याकडे तर पास होता.

हे उठून सांगितलं की झालं, असं मला वाटलं. आणि तेवढ्यात मला कंडक्टरभाऊ दिसले. बसचे कागद घेऊन त्यांनाही बोलावलं होतं. भिंतीशी उभे होते. सगळे हसत होते तेव्हा ते खाली फरशीकडे बघत होते. कंत्राटावरची नोकरी. बारा बायांना रोज तिकिटाशिवाय नेतात, हे त्यांच्या साहेबांसमोर मीच सांगायचं? आणि नाही सांगितलं तर अकरावा विषय पाच मिनिटांत मंजूर होणार. मला टेबल मिळणार. आई टोपली डोक्यावर घेऊन चालणार आणि मला म्हणणार, तू वाच.

मी धाडसी मुलगी नाही. वर्गात उत्तर येत असलं तरी मी हात वर करत नाही. त्या दिवशीही आधी कोणी दुसरं उठतं का, याचीच वाट पाहिली. आईकडे पाहिलं, ती अजून माझं नाव कधी येतं म्हणून समोर कान लावून बसली होती. मग मी उठले.

‘मॅडम, मला एक सांगायचं होतं.’

‘प्रेक्षकांना बोलता येत नाही,’ कोणीतरी म्हणालं. अध्यक्षबाईंनी हात केला. ‘अर्ज हिचाच हाय. बोल बाई.’

मी पाठ केल्यासारखं सुरू केलं, ‘सदर फेरीमध्ये प्रत्यक्षात,’ आणि तिथेच अडकले. मग घरी बोलते तसंच बोलून टाकलं. ‘बाया जातात मॅडम. बारा जणी जातात. बोहनी व्हायच्या आधी पैसा देत नाहीत, म्हणून येताना दोन-दोन तिकिटं काढतात. माही आई बी जाते.’

किराणावाल्या मेंबरांनी कपाळावर हात मारून घेतला. ‘अरे हो ना! बोहनीच्या आधी कोण पैसा काढते!’

पण मुख्याधिकारी साहेब नुकतेच बदलून आलेले होते, बाहेरगावचे. त्यांनी शांतपणे विचारलं, ‘म्हणजे वाहक विनातिकीट प्रवासी नेतो?’

कंडक्टरभाऊंनी माझ्याकडे एकदाच पाहिलं.

तेव्हा मागून आईचा आवाज आला. बसल्या जागेवरूनच. ‘सायेब, तिकीट तो देते. आमी घेत नाही.’

लिंबाची मावशी म्हणाली, ‘अन् येताना एक बी बाई चुकत नाही. इचारा त्याले.’

किराणावाले मेंबर साहेबांकडे वळले. ‘सायेब, मी बी बोहनीच्या आधी सुट्टे देत नाही, मंग कोणी बी येऊ द्या. तुमच्या गावाले देतात काय?’

साहेब हसले नाहीत, रागावलेही नाहीत. नियम नियम असतो, म्हणाले. शेवटी ठरलं ते असं. सकाळची फेरी तीन महिने चालू राहील. तिकीट मात्र चढतानाच द्यायचं आणि तीन महिन्यांनी आकडे बघायचे. वाहकाला लेखी समज. आणि अभ्यासिकेचा विषय, निधी नसल्याने, तहकूब.

बाहेर पायऱ्यांवर मैत्रीण मला म्हणाली, ‘आपल्याच अर्जाच्या उलट बोलणारी तू पहिलीच असशील.’ मग, ‘त्या बत्तीस जणांना आता तूच सांग,’ असं म्हणून ती पुढे निघून गेली. तिच्या घरी पाच माणसं एका खोलीत राहतात. तिचं चूक होतं असं मला अजूनही म्हणता येत नाही.

आई टोपली काखेत धरून एकेक पायरी उतरत होती. बस राहिली याचं ती काहीच बोलली नाही. खाली आल्यावर म्हणाली, ‘तुहा अर्ज पुरा वाचलाच नाही त्याइनं. मी त तेच आयकाले आली होती.’

घरी आल्यावर मी तिला तो अर्ज मोठ्याने वाचून दाखवला, ‘आपली विश्वासू’पर्यंत. ‘चांगला लिवला,’ ती म्हणाली.

पुढचे तीन दिवस बस जुन्याच रीतीने गेली. समजपत्र अजून निघायचं होतं. मीही त्याच फेरीने जाते. बाजारापुढे स्टँडवर उतरून अकोल्याची एसटी पकडते. कंडक्टरभाऊ माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. एरवी ‘काय प्रोफेसर’ म्हणायचे. तीन दिवस मी खिडकीबाहेर बघत गेले.

चौथ्या दिवशी त्यांना कागद मिळालेला होता. त्यांनी दार लावलं, मशीन हातात घेतलं आणि मधल्या जागेत उभे राहिले. ‘मावशी, पैसे काढा. तिकिटाशिवाय गाडी हालत नाही आता.’

‘त नको हालवू,’ झेंडूची फुलं घेऊन बसलेली आजी म्हणाली.

‘माही नोकरी जाईन ना, आजी.’

सगळ्या जणी टोपल्यांवर हात ठेवून बसल्या होत्या. त्यांना ते कळत होतं. पण पैसा काढायला हातच जात नव्हता. ड्रायव्हरने गाडी बंद केली. मी हळूच म्हटलं, ‘आई, आजची सगळ्यांची तिकिटं मी काढू?’

‘घरच्याच्या पैशानं धंदा सुरू होते का?’ आई माझ्याकडे न बघता म्हणाली. मग तिने टोपलीतली कोथिंबिरीची जुडी उचलली आणि मान वर करून कंडक्टरभाऊंकडे पाहिलं. ‘तुह्या घरी सांबार लागत नाही काय?’

‘लागते. का बरं?’

‘घे मंग एक जुडी. दहा रुपये.’

त्यांना कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांनी सरकारी पिशवीला हात लावला नाही. शर्टाच्या खिशातून स्वतःची दहाची नोट काढली. आईने ती कपाळाला लावली आणि ती ओली जुडी त्यांच्या हातात दिली. तीच नोट तिने शेजारच्या लिंबाच्या मावशीपुढे धरली, ‘मले लिंबं दे.’ मावशीने नोट कपाळाला लावली आणि मागच्या सीटवर वळली, ‘वांगे दे गं दहाचे, जरा बरे दे.’

‘सकाळी सकाळी मले शिकवू नको,’ वांगेवाली म्हणाली, आणि नोट पुढे गेली. गवार, पालक, मिरच्या. कोणीतरी ओरडलं, ‘कमी तोलून राहिली पाह्य!’ ड्रायव्हर वळून बघत बसला होता. नोट सगळ्यात शेवटी झेंडूच्या आजीकडे पोचली. तिने ती कपाळाला लावली, बाकी अकरा जणींकडे बघितलं, आता कोणाचीच बोहनी व्हायची उरली नव्हती, तेव्हा कंडक्टरभाऊंना म्हणाली, ‘दे तुहं तिकीट.’

मग कनवटीच्या गाठी सुटायला लागल्या. सगळीकडून हात पुढे आले, ‘मले दे’, ‘माहं आधी दे’. कंडक्टरभाऊंच्या एका हातात मशीन, दुसऱ्या हातात ती जुडी. पैसे कशाने घ्यावेत ते त्यांना सुचेना. इकडेतिकडे बघितलं. मी दाराजवळच्या सीटवर होते.

‘धर हे,’ ते म्हणाले आणि जुडी माझ्या मांडीवर ठेवली. ‘अन् उतरताना घेऊन नको जाऊ, प्रोफेसर. घरी द्यायची हाय.’

मी ती दोन्ही हातांनी धरली. गाडी सुरू झाली.