एसटीच्या मागं माझी गाडी

मी शेतकऱ्यांना ठिबक सिंचनाचे आराखडे करून द्यायचो. नोकरी नाही, साहेब नाही. जुनी मारुती घेतली तेव्हा करसल्लागाराने बजावलं, "पेट्रोल, दुरुस्ती धंद्याच्या खर्चात टाकता येईल. पण घरच्या कामाला गाडी वापरलीत, तर तेवढा वाटा कापला जाणार." कापला जाणार म्हटलं की माझं डोकं फिरतं. घरी येऊन मी जाहीर केलं, गाडी फक्त धंद्याची.

थोड्याच दिवसांत पिशोरला काम निघालं. पिशोर म्हणजे बायकोचं माहेर. तिलाही आठवडाभर जायचंच होतं. ती एका शब्दाने भांडली नाही, पिशवी भरली आणि एसटीत जाऊन बसली. मी मागोमाग रिकामी गाडी घेऊन निघालो. वाटेत एसटी थांबली तेव्हा आम्ही एकाच बाकावर बसून चहा घेतला, भजी खाल्ली. मग ती एसटीत चढली आणि मी गाडीत. कंडक्टर आळीपाळीने दोघांकडे बघत राहिला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. नियम म्हणजे नियम.

पिशोरच्या स्टँडवर लेक पिशवी घेऊन एसटीतून उतरली आणि मागून जावई मोकळ्या गाडीतून आला, हे सगळ्या गावाने पाहिलं. शेत बघून मी संध्याकाळी सासुरवाडीला पोचलो, तर ओसरीवर वडीलधारी मंडळी जमलेली. सासरे हात जोडून उभे.

"जावईबापू, गाडीत बसवू नये असं काय केलं व्हय आमच्या पोरीनं?"

"काही नाही हो. इन्कम टॅक्सचा प्रश्न आहे."

"सरकार बायकोला गाडीत बसू देत नाय?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"बसू देतं. पण मग वाटा कापतं."

कुणाचाच विश्वास बसला नाही. मी तिला नांदवणार नाही, असंच सगळ्यांनी धरलं होतं. आत सासूबाई रडत होत्या. बायको दारात उभी होती. ती हसू दाबत असेल असं मला वाटलं, पण तिचे डोळे भरलेले होते. गावाचा, करसल्लागाराचा, सगळ्यांचा मला संताप आला. जेवलोही नाही, तसाच परत निघालो.

आठवड्याने बाजाराच्या दिवशी पुन्हा गेलो. गाडीचा आवाज ऐकून ती बाहेर आली, पण तिने गाडीच्या दाराला हात लावला नाही.

"आज कुणाकडं काम काढलंय?"

"कुणाकडंच नाही. तुला न्यायला आलोय."

ती पुढच्या सीटवर बसली, पिशवी मांडीवर घेतली.

"स्टँडवरून चला," म्हणाली, आणि तिने काच पार खाली केली.